टेकू आणि लेकीची कमान

त्याला टेकू हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस नीट पारखून ठेवलं. पडू शकेल अशी कुठलीही वस्तू दिसली की टेकूचा हात आपोआप खिशात जायचा आणि लाकडाची एखादी चिपटी घेऊन बाहेर यायचा. घरातल्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय पुठ्ठ्याच्या घडीवर उभा होता. खिडकीचं तावदान एका खपलीवर टेकलेलं. कपाटाच्या दाराला तर त्याने दोन्हीकडून अशा पाचरी मारल्या होत्या की ते पडायचं नाही हे खरं, पण उघडायचंही नाही. "या घरात आधाराशिवाय उभी असलेली मी एकटीच," असं त्याची बायको म्हणायची. ती शिवणकाम करायची आणि तिची जीभ तिच्या कात्रीच्या तोडीस तोड होती.

धंद्याने टेकू सुतार, पण खाटा-कपाटं करणारा नव्हे. कपाटाचं काय झालं ते सांगितलंच. तो कमानींचे साचे करायचा. दगडाची कमान काही हवेत रचता येत नाही. आधी तिच्याच आकाराचा लाकडी साचा उभा करायचा, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत वर यायचं आणि सगळ्यात शेवटी मधोमध चावीचा दगड बसवायचा. चावी बसली की दगड एकमेकांना रेटून धरतात, साच्याची गरज उरत नाही, आणि मग तो काढून टाकतात. आयुष्यभरात टेकूने कितीतरी साचे केले आणि त्यातला एकही आज जागेवर नाही. बरेचसे लोकांच्या चुलीत गेले. त्याची त्याला खंत नव्हती. माझं लाकूड धूर करत नाही, असं तो वर अभिमानाने सांगायचा.

साच्याच्या खांबांखाली पाचरी असतात. दोन-दोनच्या जोड्या, एकीवर एक उलट्या ठेवलेल्या. आत ठोकल्या की साचा केसभर वर उचलला जातो, बाहेर ठोकल्या की केसभर खाली येतो. साचा पातळीत बसला की टेकू कानावरची पेन्सिल काढायचा आणि प्रत्येक जोडीवर वरच्या पाचरीवरून खालच्या पाचरीवर उतरणारी एक उभी रेघ मारायचा. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "रेघ मारली. आता या पाचरींकडे नुसतं बघायचं. कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे." आणि खरोखरच कुणी लावत नसे. रेघ जुळलेली दिसली म्हणजे पाचर हललेली नाही, इतकं साधं गणित होतं ते.

या धंद्यात एक जुनी रीत आहे. साचा निघतो त्या दिवशी ज्याने कमान बांधली त्याने कमानीखाली मधोमध उभं राहायचं आणि ज्याने साचा केला त्याने शेवटची पाचर काढायची. काम चोख असेल तर भीती कसली, असा त्यामागचा रोकडा हिशेब. टेकू शेवटची पाचर काढायचा, हत्यारांची पिशवी उचलायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. मागे टाळ्या पडायच्या, गवंड्याला लोक मिठ्या मारायचे, पण टेकूने साचा निघालेली कमान त्या क्षणी एकदाही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारायचा, "उभी आहे ना?"

त्याचं कारण म्हातारे मिस्त्री. हे मिस्त्री म्हणजे त्या भागातले सगळ्यात जुने गवंडी. तरुणपणी एका पुलाच्या कमानीखाली ते असेच छाती काढून उभे राहिले होते. चुना कच्चा निघाला आणि एक दगड सुटून त्यांच्या पायावर आला. साचा टेकूचा होता, त्याच्या आयुष्यातला पहिलाच. साच्यात काही दोष नव्हता, चौकशीत तसं स्पष्ट निघालंही. स्वतः मिस्त्री त्याचा विनोद करायचे, "कमानीला दोन पाय लागतात, माणसाचं दीडवर भागतं." टेकूला त्या विनोदावर कधी हसू आलं नाही.

आता किल्ल्याकडे वळू. गावाला लागून मोठं तळं आहे आणि तळ्याच्या मधल्या बेटावर तो मध्ययुगातला किल्ला. निदान किल्ल्याचं जे उरलं होतं ते. कित्येक शतकं छपराविना पाऊस आणि बर्फ खात उभा. भिंतींच्या माथ्यावर झाडं उगवलेली, जिना अर्ध्यातच संपून आभाळाकडे तोंड करून बसलेला. गावकऱ्यांनीही हात मारून घेतला होता. ज्याला कुंपणाला दगड हवा त्याने नाव काढावी आणि बेटावरून आणावा, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा आर्किटेक्ट बाईंनी गावात फिरून विचारलं, किल्ल्याचा दगड कुणाकडे आहे का. सगळं गाव आपापल्या अंगणात साळसूद चेहरा करून उभं होतं आणि प्रत्येकाच्या पाठीमागे किल्ल्याचा दगड.

बाई कामाला कडक होत्या. पडलेला दगड सापडला तर तो त्याच्याच जागी बसवायचा. जे मुळात कसं होतं ते ठाऊक नाही ते मनाने रचायचं नाही. आणि सिमेंटचं तर नावही काढायचं नाही. मागच्या एका दुरुस्तीत कुणा शहाण्याने सगळे सांधे सिमेंटने लिंपून टाकले होते, त्यामुळे भिंतीतलं पाणी आतच कोंडलं आणि दगड पापुद्रे टाकू लागले. रोग परवडला पण वैद्य नको, अशी गत. ते सिमेंट छिन्नीने खरवडण्यात एक अख्खा हंगाम गेला. मग जुन्या पद्धतीने भिजवून मुरवलेला चुना आला आणि भिंती पुन्हा श्वास घेऊ लागल्या. पाहुणे आले की बाई त्यांना बुरूज आणि प्रार्थनाघर दाखवायच्या, पण सगळ्यात खुलून दाखवायच्या ती पूर्वी इथे राहणाऱ्या सरदारसाहेबांची शौचाची खोली. भिंतीबाहेर काढलेली, खाली थेट तळं. "आठशे वर्षांत हिला एकदाही दुरुस्ती लागलेली नाही," असं त्या सांगायच्या.

किल्ल्याचं काळीज म्हणजे मधलं मोठं दालन. त्या दालनाच्या मध्यावर एक रुंद कमान होती आणि वरचा अख्खा मजला तिने पेलला होता. कमान पडली तसा मजला पडला, मजला पडला तसं छप्पर गेलं. ती परत उभी राहिली तरच पुढचं काही होणार. तिचे बहुतेक दगड भिंतीखालच्या पाण्यातून निघाले, त्यांच्यावर रंगाने आकडे घालून ते अंगणात मांडले. चावीचा दगड मात्र सापडेना. शेवटी तो निघाला नावाड्याच्या धक्क्यावर. त्याचा पणजोबा, आजोबा, बाप आणि तो स्वतः, सगळे त्या दगडाला नाव बांधत आले होते. "वर रुंद, खाली निमुळता. याला दोर कसा घट्ट बसतो बघा," तो कुरकुरला. पण दिला.

आणि ही कमान बांधायची होती टेकूच्या लेकीने.

एकुलती एक लेक. लहानपणी ती चालायला फार उशिरा शिकली. पायात काही दोष नव्हता, दोष होता बापात. ती उभी राहायला लागली की मागे टेकूचा हात हजर. पोरगी निवांत त्या हातावर रेलायची. शेवटी बायकोने एके दिवशी त्याला बळेच बाजारात धाडलं. तो परत आला तेव्हा लेक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी उभी. "तुमचा हात गेला आणि ती चालली," बायको म्हणाली. टेकूला आनंद झालाच, पण लेकीचं पहिलं पाऊल आपल्याला दिसलं नाही ही रुखरुख त्याच्या मनात राहिली ती राहिलीच.

मोठी होऊन ती काय व्हावी, तर गवंडी. बापामागे कामावर जाऊन जाऊन तिला लाकडापेक्षा दगड आवडला. म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली ती शिकली. आता मिस्त्रींना परांचीवर चढणं होत नव्हतं, तेव्हा ते बाईंना म्हणाले, "दालनाची कमान हिला द्या. मी खाली खुर्ची टाकून बसतो आणि शिव्या देतो." दुरुस्तीचा खर्च करणाऱ्या मंडळाने जरा कां-कूं केलं. इतकी मोठी कमान, इतक्या तरुण मुलीकडे? बाईंनी शब्द टाकला म्हणून काम तिला मिळालं.

साचा अर्थातच टेकूचा. त्याने तो असा केला की मिस्त्री बघतच राहिले. जिथे एक खांब लागला असता तिथे दोन, जिथे दोन लागले असते तिथे तीन आणि वर आडवं लाकूड. "अरे, कमान बसवायची आहे की हत्ती?" मिस्त्रींनी विचारलं. टेकूने आणखी एक लाकूड उचललं. साचा उभा केला, पातळी बघायला पाणसळ लावली, पाचरी बसवल्या, कानावरची पेन्सिल काढून रेघा मारल्या आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, जरा जास्तच जोरात.

लेकीने कमान सुरेख बांधली. हे बाप म्हणून नव्हे, सगळेच म्हणत होते. ज्या दुपारी तिने नावाड्याचा तो दगड मधोमध सोडला आणि लाकडी हातोड्याने ठोकून बसवला, त्या दुपारी नावाडीसुद्धा बघायला आला होता. "बसला बाई घट्ट," तो म्हणाला आणि आपल्याच दगडाकडे लेक सासरी धाडल्यासारखं बघत राहिला. आता चुना धरेपर्यंत थांबायचं, मग साचा जरा सैल करायचा, कमानीला आपलं वजन आपण घेऊ द्यायचं, आणि मग सगळा साचा काढायचा. काढायचा त्या दिवशी रीतीप्रमाणे लेक खाली उभी राहणार.

इथून टेकूचं बिनसलं.

संध्याकाळी सगळे नावेकडे निघाले की तो काही तरी विसरल्याचं निमित्त करून मागे थांबायचा. कधी करवत, कधी डबा. दालनात कुणी नाही असं बघून पाचरींपाशी उकिडवा बसायचा आणि प्रत्येक पाचरीवर हातोड्याची एक टिचकी मारायचा. ठोकायला म्हणून नाही, आवाज ऐकायला. घट्ट पाचर खणखणीत बोलते, सैल पाचर बसक्या आवाजात. एखादीचा आवाज त्याला बसका वाटायचा, मग अजून एक टिचकी. दाराला कुलूप लावल्यावर परत ओढून बघतात तसं ते होतं, मन शांत करण्यापुरतं. बाकी कुणी हे केलं असतं तर टेकूने त्याला तळ्यात ढकललं असतं. स्वतःच्या रेघांकडे मात्र त्याने त्या दिवसांत एकदाही पाहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे चोराने डोळेच मिटून घेतले होते.

एका सकाळी बाई परांचीवरून खाली उतरल्या आणि त्यांनी लेकीला हाक मारली. कमानीच्या डाव्या खांद्यापाशी, म्हणजे भिंत आणि चावी यांच्यामध्ये कमान वळते तिथे, दोन दगडांमधल्या सांध्यात भेग होती. मग उजवीकडे बघितलं, तिथेही होती. थापीचं टोक आत जाईल एवढी.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्री खुर्चीतून उठले आणि काठी टेकत कमानीखाली येऊन वर बघत राहिले. शिवी एकही दिली नाही, तेच जास्त वाईट होतं.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "दोन दिवस बघू. भेग वाढली नाही तर ठीक. वाढली तर कमान उतरवावी लागेल. आणि मग मंडळ ती पुन्हा तुझ्याकडे देईल असं मला वाटत नाही. मी भांडेन, पण वाटत नाही."

त्या दिवशी टेकूने काय नाही केलं! चुना बोटांत चोळून बघितला, वाळू चाळून बघितली, भिंतींच्या पायापाशी ओळंबा सोडला, तळ्याचं पाणी चढलंय का ते नावाड्याला विचारून आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि संध्याकाळी, बाकीचे नावेत बसल्यावर, भेगेच्या भीतीने त्याने प्रत्येक पाचरीला टिचकी नव्हे, चांगला टोला हाणला. आता काय बिशाद आहे कमानीची खाली यायची, असं मनात म्हणून तो नावेकडे गेला.

घरी लेक जेवली नाही. पुठ्ठ्यावर उभ्या असलेल्या त्या टेबलाशी बसून आपले हात बघत राहिली. "माझ्याच हातात खोट असणार, बाबा. मंडळाचं बरोबर होतं."

"काहीतरी बोलू नकोस," टेकू म्हणाला. "तुझ्या हातात खोट नाही."

"मग कुणाच्या आहे?"

टेकू टेबलाखाली वाकून पुठ्ठ्याची घडी नीट करू लागला. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि टेकूकडे जरा जास्त वेळ पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला या माणसाचा गप्पपणा चांगला ओळखता यायचा.

सकाळी भेग रुंदावली होती. आता थापीचं नुसतं टोक नाही, चांगली बोटभर थापी आत जात होती. बाई, मिस्त्री आणि लेक तिघं परांचीवर, म्हणजे मिस्त्री परांचीच्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, त्याच्या वर त्यांना कुणी जाऊ देईना. टेकू खाली उभा राहून वर बघत होता, जीव टांगणीला लागलेला.

"मला एक गोष्ट कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "ही भेग खालच्या बाजूला रुंद आहे आणि वर जाताना मिटत गेली आहे. कमान खचत असेल तर खांद्यापाशी असं दिसायला नको."

लेकीने वाकून पाहिलं. डावीकडे पाहिलं, धावत जाऊन उजवीकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हातांचे पंजे बोटांशी जुळवून कमान केली आणि मधून ती खाली दाबली. "खचली तर खांदे वरून उघडतात." मग तीच कमान तिने हनुवटीने खालून वर ढकलली. "हे उलटं आहे. ही खचत नाहीये, बाई. हिला खालून कुणीतरी उचललंय."

 त्या एका वाक्यात टेकूला आपल्या सगळ्या संध्याकाळी दिसल्या.

"लाकूड फुगलं असणार," मिस्त्री शिडीवरून म्हणाले. "तळ्याची ओली हवा. होतं असं."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोष कुणाचाच नाही."

बघा, सुंठीवाचून खोकला जात होता. टेकूने नुसतं मान हलवून "हो, फुगलं असेल" म्हटलं असतं तर कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नसतं. पण लेक पलीकडच्या शिडीने उतरायला लागली होती. ती पाचरींकडे निघाली होती, रेघा बघायला. तिला रेघा बघायला त्यानेच शिकवलं होतं. आणि लाकूड फुगलं म्हणून साचा किती वर गेला हे कुणाला ठाऊक नसताना तो अंदाजाने खाली घेतला तर कमानीचं काय होईल, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"फुगलं नाही," टेकू म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "लाकूड फुगलं नाही. मी ठोकलं."

कुणाला काही कळेना.

"रोज संध्याकाळी. एकेक टिचकी. काल जोरात."

लेक शेवटच्या पायरीवर थांबली. मग ती सरळ पाचरींपाशी गेली आणि उकिडवी बसली. प्रत्येक जोडीवरची रेघ मोडलेली होती. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, मध्ये नखभर अंतर. कुठे नखापेक्षाही जास्त. ती एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर बोट फिरवत गेली. 

"रेघ मारली की गाठ कुणाशी असते, बाबा?" तिने न बघता विचारलं.

टेकूने मान खाली घातली.

"तुमचा माझ्या कामावर भरवसा नव्हता."

"होता. अजून आहे," तो म्हणाला. "पण तू खाली उभी राहणार होतीस ना."

"म्हणून तुम्ही माझी कमानच उतरवायला लावणार होतात!" ती ताडकन उठली. डोळ्यांत पाणी होतं आणि राग तर असा की मिस्त्री दोन पायऱ्या चढून वर गेले. आणि मग, काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं. रडत रडत हसायला लागली. खोट तिच्या हातात नव्हती! कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता आणि तो बापानेच ठेवला होता याचा राग तिला धड करता येईना.

"अति तेथे माती, टेकू," मिस्त्री वरून म्हणाले. आता त्यांचा आवाज परत नेहमीसारखा झाला होता. "बस खाली. जसं चढवलंस तसं उतरव."

टेकू बसला. बाईंनी वर भेगेपाशी जागा घेतली, लेकीने दुसऱ्या खांद्यापाशी. टेकूने डावीकडच्या पहिल्या पाचरीला उलट्या बाजूने हळूच टोला दिला, मग उजवीकडच्या, मग परत डावीकडच्या. एकदम कुठेच नाही, सगळीकडे थोडं थोडं. टोला बरोबर पडत होता, इतक्या वर्षांची सवय होती. रेघांचे तुकडे एकमेकांकडे सरकू लागले. एक जोडी जुळली, मग दुसरी. शेवटची जुळली तेव्हा वरून लेकीचा आवाज आला, "थापी जात नाहीये! बाबा, थापी आत जात नाहीये!"

"आता अजून जरा खाली," मिस्त्री म्हणाले. "चुना अजून ओला आहे, बसू दे तिला."

टेकूने पाचरी रेघेच्या पलीकडे जरा सैल केल्या. साच्याची फळी आणि दगड यांच्यात उजेडाची एक बारीक फट दिसली, आणि कमान स्वतःशीच कुरकुरल्यासारखा बारीक आवाज करून बसली. भेगा मिटल्या होत्या. बाईंनी दोन्हीकडे निवांत बघितलं, परत बघितलं, आणि मग परांचीवरच मांडी घालून बसल्या. "सांधे वरून ताज्या चुन्याने भरून घ्या," त्या म्हणाल्या. "मंडळाला मी सांगते, साचा जरा उंच झाला होता, उतरवला. यात खोटं काही नाही." टेकूचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच पाचरींशेजारी जमिनीवर बसून राहिला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ओरडेल असं टेकूला वाटलं होतं. ती उठली, टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढली आणि कचऱ्यात टाकली. टेबल जरा डुगडुगलं आणि उभं राहिलं. "बघा," ती म्हणाली, आणि पानं वाढायला गेली. लेक त्या दिवशी तीन माणसांचं जेवली.

चुना पक्का धरल्यावर साचा काढायचा दिवस ठरला. मंडळातली माणसं आली, नावाडी आला, बायको शिवण टाकून आली. पहिल्यांदाच नावेत बसली होती आणि नावाड्याला सारख्या सूचना देत होती. लेक दालनाच्या मधोमध, नावाड्याच्या दगडाच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली. टेकूने खांब एकेक करून मोकळे केले, फळ्या उतरवल्या, आणि भिंतीच्या आडोशाला बसून शेवटची पाचर काढली. साचा बाजूला ओढला गेला. टेकूने सवयीने पिशवी उचलली आणि पाठ फिरवली.

"बाबा, कुठे निघालात?"

"नाही, ती करवत..."

"करवत राहू द्या. इकडे या."

बायको दाराशी उभी होती आणि दार पुरतं अडवून उभी होती. टेकूने पिशवी खाली ठेवली. पायाखाली दगडी फरशी होती, तरी तो तळ्यावरच्या पहिल्या बर्फावर टाकावीत तशी पावलं टाकत गेला आणि लेकीच्या शेजारी उभा राहिला. मग त्याने वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, साचा नुकताच निघालेली कमान त्याने पाहिली. खाली काहीच नव्हतं. लाकडाची एक चिपटीसुद्धा नव्हती. दगड आपले आपण एकमेकांना धरून होते, आणि फळ्यांचे ठसे चुन्यावर अजून ओळखू येत होते. त्याच्या तोंडून नुसता "अगं!" एवढाच शब्द निघाला.

मागे टाळ्या पडत होत्या. मिस्त्री काठी आपटत होते. टेकू मान वर करून बघतच होता, आणि त्याचा उजवा हात लेकीच्या पाठीमागे जाऊन थांबला होता. टेकलेला नव्हता, चार बोटं अलीकडे, पडलीच तर धरायला.

"बाबा," लेक वरची नजर न काढता म्हणाली. "हात."

टेकूने हात खिशात घातला. खिशात लाकडाची एक चिपटी होती. ती त्याने मुठीत घट्ट धरली आणि वर बघत तिथेच उभा राहिला.